घरातलं राजकारण: कागद काढावा की विषय बदलावा?

पारावरचा
'फराळाच्या ताटावर राजकारण नको' हा नियम मला मान्य नाही. भांडण पेटतं ते एका दमात पाच विषय निघतात म्हणून. काका मतदानाच्या टक्क्यापासून सुरुवात करतात, पुतण्या 'लाडकी बहीण' योजनेवर उडी मारतो, तिथून आरक्षण, आणि शेवट 'फार शहाणा झालास' वर.

एका बैठकीला एकच प्रश्न घ्या, तोही कागदावर तपासता येईल असा. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभाच घ्या. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५. 'मधली मतं आली कुठून?' यावर घरोघरी आवाज चढले. पाचचा आकडा तात्पुरता असतो. मतदान सहापर्यंत, आणि सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन नंतरही मत देऊ देतात. चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. एवढं दोघांनी आधी मान्य करायचं.

मग केंद्र बंद होताना उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळणारी १७-सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत आपल्या बूथपुरती मागून घ्या, आणि फॉर्म २० मधल्या, म्हणजे निकालाच्या बूथवार तक्त्यातल्या, त्याच बूथच्या बेरजेशी ताडा. 'नोटा'ची ('वरीलपैकी कुणीही नाही') मतं धरायला विसरलात तर बेरीज जुळणार नाही आणि नवा वाद सुरू होईल.

सासुरवाशीण
कागद बरोबर असेल हो. पण व्याह्यांसमोर पुतण्यानं मोबाईल काकांच्या नाकापुढे धरला, की प्रश्न मतांचा उरतच नाही. काकांना आता हरता येत नाही, म्हणून ते 'तुमचे ते वेबसाइटवाले' म्हणून सगळंच झटकून टाकतात.

आणि कागदावर न बसणाऱ्या विषयांचं काय? 'फुकटच्या योजनांनी राज्य बुडालं' हे वाक्य, महिना १५०० रुपये घेणारी जाऊ पोळ्या लाटत असताना, बाहेरच्या खोलीतून मोठ्यानं येतं. ती बजेटचे आकडे काढणार आहे का? आरक्षणाचं तसंच. ५० टक्क्यांची मर्यादा, सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा निकाल, सगळं पाठ असतं. समोर बसलेली सून कुठल्या प्रवर्गातून नोकरीला लागली तेवढं लक्षात राहत नाही. अशा वेळी विषय बदलणं हेच शहाणपण.

बूथ एजंट
पारावरचे, एक दुरुस्ती. १७-सी निवडणूक आयोग सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकत नाही. ज्या पक्षाचा माणूस बूथवर बसलाच नव्हता, त्याच्याकडे प्रतही नाही. आणि एक बूथ जुळला तर तो एकच बूथ जुळला, राज्य नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या तपासणीवर बंधनं आली, तेव्हा पुतण्याची शंका 'अफवा' म्हणून उडवणंही चूक. काकांचं 'रांगा होत्या' खरं, पुतण्याचं 'मग दाखवा ना' हेही खरं. ही दोन वाक्यं एकाच ताटाशी बसू शकतात.

जुना मास्तर
विषय बदला म्हणणाऱ्यांना विचारतो, बदलतो कोण? घरात एका नेत्याची तसबीर आधीच भिंतीवर असते, सकाळचे फॉरवर्ड आजोबांचे. 'राजकारण नको' हा नियम धाकट्यांनाच लागू होतो. गप्प बसणं तटस्थ नसतं.

सासुरवाशीण
हे मान्य. पण मग फॉरवर्डला उत्तर ग्रुपवर देऊ नका. दोन बाणांची खूण असलेला मेसेज पाचेक हात फिरून आलेला असतो. आजोबांनी तो लिहिलेला नाही, फक्त पुढे ढकललाय. त्यांना एकट्याला फोन करा, 'हे तुम्हाला कुणी पाठवलं?' एवढंच विचारा. ग्रुपवर चाळीस नातेवाईक बघत असताना कुणीही मागे हटत नाही. आणि अॅडमिननं 'फक्त अॅडमिन लिहू शकतील' लावू नये. मग दुसऱ्याच दिवशी काकांना वगळून नवा ग्रुप निघतो, आणि बारशाचं आमंत्रण जुन्यावर पोचत नाही.

पारावरचा
फोनचं पटलं. म्हणजे कागद काढायचाच, पण चारचौघांत नाही, आणि १७-सी आपल्याकडे नसेल तर तसं आधीच सांगून. जावेच्या १५०० वर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिथे बोलणाऱ्यालाच स्वयंपाकघरात बोलावून पोळ्या भाजायला बसवावं का?

सासुरवाशीण
बसवा. करपवेल, पण बसवा.