विजयालक्ष्मी पंडित : फक्त नेहरूंची बहीण?

एकांनी लिहिलंय की बाईंना सगळं भावामुळे मिळालं. आडनावाचा फायदा झाला, नाही कोण म्हणतंय? पण 1937 साली त्या संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) निवडून येऊन आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य खात्याच्या मंत्री झाल्या, तेव्हा भाऊ पंतप्रधान नव्हता. 1944 मध्ये पती रणजित पंडित गेले. (ते मूळचे कोकणातल्या मराठी घरातले, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणणारे. हे आपल्या पुण्यातही किती जणांना ठाऊक असतं!) पदरात तीन मुली, मुलगा नाही, त्या वेळच्या कायद्याने नवऱ्याच्या इस्टेटीवर विधवेचा पूर्ण मालकी हक्क नाही. त्यानंतर 1946 मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांना भिडल्या. तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरचा ठराव 32 विरुद्ध 15 मतांनी, म्हणजे दोन तृतीयांश बहुमताने, मंजूर झाला. ती मतं काही वशिल्याने पडली नाहीत.

मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये राजदूत, 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद, मग लंडनमध्ये उच्चायुक्त, हे सगळ्यांना माहीत आहे. 1962 ते 64 त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल, म्हणजे गणेशखिंडीतल्या आपल्या पुणे विद्यापीठाच्या कुलपतीही होत्या. आणि घराणेशाहीच काढायची तर 1977 ही आठवा: आणीबाणीनंतर त्यांनी सख्ख्या भाचीविरुद्ध उघड प्रचार केला.