माझगावच्या चिनी मंदिराचे वारसामूल्य कशात आहे?

प्रश्न: वास्तुकला विद्यार्थिनी, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असून प्रबंधासाठी मुंबईतील माझगावचे ‘सी यूप कून’ हे १९१९ सालचे चिनी मंदिर निवडले आहे. खलाशी आणि गोदी कामगार म्हणून आलेल्या चिनी लोकांची या भागात एकेकाळी वस्ती होती. आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. नवाब टँक मार्गावरची ही इमारत बाहेरून एखाद्या जुन्या राहत्या घरासारखी दिसते आणि देव वरच्या मजल्यावर आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पहिल्या सादरीकरणात मला विचारण्यात आले, की जिच्यात उठून दिसणारी शैली नाही, जिच्यामागे नामांकित वास्तुविशारद नाही आणि जिचा समाजही जवळपास निघून गेला आहे, तिला वारसा का म्हणायचे? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारा एक अभियंता

आपण नावापासून सुरुवात करावी. ‘सी यूप’ म्हणजे चार परगणे: दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील ताइशान, शिनहुई, काइपिंग आणि एन्पिंग. ‘कून’ म्हणजे मंडळाची वास्तू. तेव्हा हे नुसते देऊळ नसून गाववाल्यांचे मंडळ आहे, आणि परमुलखात उतरलेल्या माणसाला टेकायला जागा, कामाची ओळख, आजारपणात आधार आणि मरणानंतर विधी करणारी माणसे मिळावीत, यासाठी अशी मंडळे स्थापन होत असत. वरच्या मजल्यावरचा गुआन गोंग हा इसवी सन २२० मध्ये मारला गेलेला सेनापती. पुढे तो निष्ठेचा आणि दिलेल्या शब्दाचा देव म्हणून पुजला जाऊ लागला. अनोळखी बंदरात एकमेकांच्या शब्दावर दिवस काढणाऱ्यांना हा देव जवळचा का वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

याच चार परगण्यांच्या लोकांनी कोलकात्यात छातावाला गल्लीत १९०५ साली ‘सी इप चर्च’ उभारले (तेथे चिनी देवळांना चर्चच म्हणतात). दक्षिण मेलबर्नमधील त्यांचे मंदिर १८६६ चे, तर सिडनीतील ग्लीब उपनगरातले १८९८ चे. ऑस्ट्रेलियातील ही दोन्ही मंदिरे आपापल्या राज्याच्या वारसा नोंदवहीत आहेत. वारसास्थळांच्या जतनासाठी त्याच देशात १९७९ मध्ये स्वीकारलेली बुरा सनद सौंदर्यमूल्याबरोबर ऐतिहासिक, शास्त्रीय आणि सामाजिक मूल्यही मोजते, आणि आध्यात्मिक मूल्याचा उल्लेख तीत नंतर आला. माझगावची इमारत एकटी पाहिली तर साधी वाटेल. या बंदरांच्या ओळीत ठेवून पाहिली, की तिचा अर्थ उलगडतो.

उत्तर २: सोलापूरच्या पूर्व भागातील एक वाचक

ताई, आपण सोलापूरच्या आहात, म्हणून लिहितो. आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला येथे आले आणि आमच्या घरात आजही तेलुगू बोलली जाते. नारळी पौर्णिमेला श्री मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा त्या देवळाची शैली कोणती, हे आम्हाला कोणी विचारत नाही, कारण पद्मशाली समाज या शहरात कसा रुजला हे ते देऊळच सांगते. माझगावकडेही याच नजरेने पाहावे.

उत्तर ३: इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक

शैलीचा निकष किती फसवा असतो, हे सॅन फ्रान्सिस्कोत दिसते. १९०६ च्या भूकंपानंतर तेथील चिनी वस्ती शहराबाहेर हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोडासारखी छपरे असलेल्या इमारती बांधून घेतल्या आणि आपली जागा राखली. ती छपरे चीनमधल्या परंपरेतून आलेली नव्हती; त्यांचे मोल त्या हट्टात आहे.

समाज निघून गेला, या विधानालाही माझा आक्षेप आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले आणि सुटकेनंतर अनेकांनी देशच सोडला. त्याच्या वीसच वर्षे आधी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी सैनिकांची सेवा करता करता तिकडे वारले होते. भैय्या चौकातील त्यांचे घर आपण स्मारक म्हणून जपले, ते काही नक्षीसाठी नव्हे. ज्या समाजाला भीतीपोटी पांगावे लागले, त्याची उरलेली वास्तू तर अधिक जपायला हवी.

उत्तर ४: मुंबईत नोकरी करणारा सोलापूरकर

मूल्याबद्दल दुमत नाही; मात्र एक व्यावहारिक बाब लक्षात असू द्यावी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे, आणि यादीत समाविष्ट झालेल्या इमारतीत बदल करायचा तर परवानगी लागते. मोजक्या कुटुंबांवर देखभालीचा भार असताना त्यांना न विचारता बाहेरच्यांनी यादीचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. प्रबंधात शिफारस करण्यापूर्वी त्यांचे म्हणणे घ्यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मी आतापर्यंत फक्त जिना, खिडक्या आणि छप्पर मोजले होते. त्या कुटुंबांशी बोलले नव्हते, हे आज ध्यानात आले. चिनी नववर्षाला शहरभरातले चिनी लोक तेथे दर्शनाला येतात. त्या दिवशी परवानगी घेऊन जाईन आणि कोण कोठून येते, वर काय होते, खाली कोण बसते, हे नकाशावर नोंदवीन. शिक्षकमहोदयांना एक विनंती आहे: कोटणीस स्मारक पाहताना आपण सोबत याल का?