डोक्यात ओमाया बसवायला सांगितलंय, कुणाच्या घरी अनुभव आहे का?

तासगावचा दादा
धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर आहे, एएलएल नावाचा, वय २४, मिरजेला केमो चालूय. आता पाठीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्यात म्हणून डॉक्टर म्हणतात ओमाया रिझर्व्हायर, म्हणजे डोक्याच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवू, त्यातनं औषध सरळ मेंदूच्या पाण्यात जाईल. पाठीत सुया टोचून घेऊन तो पार कंटाळलाय हे खरं, पण कवटीला भोक म्हटल्यावर आईनं जेवण सोडलंय. शिरेतनं एवढी केमो जातीय ती मेंदूत का पोचत नाही? रविवारपर्यंत सांगायचंय.

पलूसची आई
दादा, माझ्या मुलाला बसवली होती, तेव्हा ११ वर्षांचा होता. भूल देऊन करतात. कपाळाच्या वर, केसांत, हाताला चिंचोक्यापेक्षा जरा मोठा उंचवटा लागतो, बाहेर काही लोंबत नाही. औषधाच्या दिवशी जागा नीट साफ करायची, बारीक सुई घालायची, आधी थोडं पाणी काढायचं आणि मग साधारण तेवढंच औषध हळूहळू सोडायचं. पाठीच्या सुईला त्याला दोघांनी धरायला लागायचं, इथं मोबाईल बघत पडून असायचा.
पण एकदा लै वाईट झालं. एका दवाखान्यात नुसता स्पिरीटचा बोळा फिरवून पाणी काढलं, चौथ्या दिवशी ताप आणि मान ताठ. डबी काढावी लागली, अँटिबायोटिक झाले, मग दुसरी बसवली. मी शेजारीच उभी होते आणि बोलले नाही, ते अजून मनातनं जात नाही. ज्यांना येतं त्यांच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

मिरजेची सिस्टर
ताईंचं अगदी बरोबर. दादा, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात, बरीचशी केमो तिथंच अडते. त्यावर १९६३ मध्ये आयुब ओमाया या न्यूरोसर्जननं ही सिलिकॉनची डबी शोधून काढली, मूळचे पाकिस्तानचे, पुढं अमेरिकेत. डबी कातडीखाली आणि तिची नळी मेंदूच्या पोकळीत, पाठीतनं दिलेलं औषध तिथवर सारखं पोचेलच असं नाही.
एक मात्र लक्षात ठेवा, व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध फक्त शिरेतनंच, ते चुकून मेंदूच्या किंवा पाठीच्या पाण्यात गेलं तर जीव जातो. म्हणून डबीतलं औषध देताना दरवेळी सिरिंजवरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगा, कुणी रागावलं तरी सांगा.

विट्याचा पाहुणा
मेंदूत औषधाच्या चकत्या ठेवतात ते हेच का?

मिरजेची सिस्टर
नाही, त्या कारमुस्टीन नावाच्या केमोच्या औषधाच्या, गाठ काढल्यावर त्याच खड्ड्यात ठेवतात आणि त्या हळूहळू विरघळतात. मेंदूच्या गाठीसाठी आहेत त्या, ब्लड कॅन्सरला नाहीत.

तासगावचा दादा
आईला सगळं वाचून दाखवलं, दोन घास खाल्ले तिनं. विचारतीय, नंतर त्याच्या डोक्याला तेल लावलेलं चालतं का?

पलूसची आई
जखम पूर्ण भरेपर्यंत नको, मग डॉक्टरांना विचारून. मी लावायचे, उंचवटा सोडून कडेकडेनं.