खेड्यातल्या खातेदाराला ‘मोबाईलवर करा’ म्हणण्याआधी खात्याला नंबर कोणाचा आहे ते बघा

शिवारफेरी (धागाकर्ता)
१ मे २०२५ला देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. विलीनीकरणानंतर सगळीकडे मोबाईल बँकिंगवर भर आहे आणि तो वाढतच जाणार. माझा विरोध मोबाईल बँकिंगला नाही. ज्या घाईनं ते खातेदाराच्या गळ्यात मारलं जातंय, त्या घाईला आहे.

ओटीपी येतो खात्याला जोडलेल्या नंबरवर, यूपीआयची नोंदणी त्याच नंबरवर, पैसे गेल्याचा मेसेजही तिथंच. आणि तो नंबर बऱ्याचदा खातेदाराचा नसतोच. २०१४मध्ये जनधनची खाती भराभर उघडली, तेव्हा फॉर्मवर मुलाचा, पुतण्याचा, शेजाऱ्याचा, कधी खातं उघडून देणाऱ्याचाच नंबर पडला. पुढं रिचार्ज परवडेना म्हणून कितीतरी सिम बंद पडली. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाईकाला देऊ शकते. म्हणजे म्हातारीच्या खात्याचे मेसेज कुणा परक्याला जातात आणि तिला त्याचा पत्ता नसतो.

माझं म्हणणं एवढंच: नंबर खातेदाराचाच आहे, चालू आहे आणि फोन त्याच्याच हातात असतो, याची खात्री होईपर्यंत कुणाचंही मोबाईल बँकिंग सुरू करू नये.

पाणंद
साफ अमान्य. तुमची खात्री होईपर्यंत माणसानं काय करायचं? शाखा तालुक्याला किंवा बाजाराच्या गावाला. गेलं की एक रोज बुडतो. दुसरा-चौथा शनिवार बंद, इतर दिवशी कधी लिंक नाही, कधी पासबुकाचं मशीन नादुरुस्त. पीएम किसानचे २,००० जमा झाले का, एवढं बघायला माणसं दिवस घालवायची. आज ते घरबसल्या कळतं.

आणि जुन्या पद्धतीत खातेदार फार सुरक्षित होता, हे चित्र खोटं आहे. ज्याला लिहिता येत नाही तो पैसे काढायची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायचा आणि कोऱ्या स्लिपवर अंगठा द्यायचा. आकडा किती घातला, हे त्याला कोण सांगत होतं? आता निदान मेसेज तरी येतो.

शिवारफेरी
मेसेज येतो, पण कोणाला? तोच तर प्रश्न आहे.

काउंटरपलीकडून
ग्रामीण बँकेत नोकरी केली आहे म्हणून दोन गोष्टी नीट सांगतो, कारण इथं सरमिसळ होतेय.

अनुदानाचे पैसे मोबाईल नंबर बघून जमा होत नाहीत. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलंय आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठलं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय याची देशभरची यादी) ज्या बँकेची नोंद आहे, तिथं ते जातात. नंबर चुकला म्हणून हप्ता अडत नाही. तसंच, नंबर परक्याकडे गेला म्हणजे तो लगेच खातं रिकामं करेल असंही नाही. यूपीआय पिन तयार करायला डेबिट कार्डाचे तपशील लागतात, नाहीतर आधार आणि त्यावर येणारा ओटीपी.

राहिलं नंबर बदलण्याचं. पासबुक, आधार घेऊन शाखेत या, फॉर्म भरा. काम दहा मिनिटांचं आहे. पण शाखेत माणसं तीन आणि हप्ता जमा झाला की रांग दाराबाहेर. त्या दिवशी हा फॉर्म कोण हातात घेणार? त्यामुळं तो राहतो तो राहतोच.

जोंधळा
साधा फोन असलेल्यांसाठी *९९# (हे फिरवलं की बँकेचे पर्याय पडद्यावर येतात) २०१४पासून देशभर आहे, मराठीतही चालतं, इंटरनेट लागत नाही. २०२२ला यूपीआय १२३पे आलं, त्यात नंबर फिरवून व्यवहार करता येतो. ॲप म्हणजेच मोबाईल बँकिंग असं धरून भांडू नका.

पाणंद
+१. फक्त *९९#वर पर्याय वाचून होईस्तोवर सेशन तुटतं. वयस्कर माणसाला ते जमत नाही. बोलून चालणारी सेवा त्याहून बरी.

बचतगटवाली
परक्याची भीती घालणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच बोलताय. काउंटरपलीकडून म्हणतात, नुसता नंबर पुरत नाही, कार्ड नाहीतर आधारही लागतं. दादा, घरातल्या माणसाकडे हे तिन्ही असतं! आमच्या गटातल्या कित्येकींचं रुपे कार्ड, आधार आणि पासबुक एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात नवऱ्याच्या कागदांबरोबर. सिम मुलाच्या फोनमध्ये. मग लाडक्या बहिणीचे १,५०० तिच्या नावावर आले तरी पिन कोणाचा आणि पैसे कोणाचे?

त्यावर शिवारफेरींचा उपाय मला पटत नाही. फोन तिच्या हातात नाही म्हणून सेवा सुरूच करायची नाही, म्हणजे शिक्षा पुन्हा तिलाच. बँक मित्राकडे (गावातला बँकेचा प्रतिनिधी) अंगठा देऊन रोख घ्यावी म्हटलं तर खुरपणीनं, भांड्यांनी बोटं इतकी घासलेली असतात की मशीन ठसा घेत नाही. चारदा पुसून, ओलं करून, दुसरं बोट लावून बघतात आणि शेवटी “उद्या या” म्हणतात.

गटातल्या काहीजणींनी स्वतःच्या नावावर सिम घेतलं, साध्या फोनमध्ये घातलं आणि शाखेत जाऊन नंबर बदलला. त्यानंतर एकीच्या घरात चांगलंच वाजलं, कारण पहिल्यांदाच पैसे कधी आले हे तिला नवऱ्याच्या आधी कळलं. मला हे हवंय. सेवा थांबवायची नाही, नंबर तिचा करायचा.

काउंटरपलीकडून
ताई, हे मान्य. घरातली बाजू शाखेतून दिसत नाही.

मुरूम
फसवणुकीचं कुणी बोलतच नाहीये. पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) व्हॉट्सॲपवर येते, सरकारी वाटते म्हणून माणूस ती टाकून घेतो आणि पुढं त्याचे मेसेज दुसराच वाचत बसतो. अशा वेळी नियम कोणाच्या बाजूनं आहे?

काउंटरपलीकडून
रिझर्व्ह बँकेनं २०१७ला परिपत्रक काढून असा नियम घातला. त्रयस्थानं परस्पर पैसे काढले, दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर भार मर्यादित, जनधनसारख्या मूळ बचत खात्याला जास्तीत जास्त ५,०००. तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हे लक्षात ठेवा. आधी १९३०वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, मग शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका.

शिवारफेरी
म्हणजे मी म्हणतोय तेच झालं ना! तीन दिवस मोजायचे मेसेज आल्यापासून. मेसेज बंद सिमवर गेला तर खातेदाराला कळणार पासबुक भरल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेला नियम चुकीच्या नंबरामुळं त्याच्याच विरोधात जातो. बचतगटवाली ताईंचा मुद्दा खरा आहे, पण त्यानं माझी मागणी पक्कीच होते. पासबुक भरायला माणूस येतोच. तेव्हा काउंटरवरून नंबरचे शेवटचे चार आकडे विचारा आणि तिथल्या तिथं एक फोन लावून बघा. वाजला नाही तर फॉर्म पुढं करा.

पाणंद
हे करा, आनंदानं करा. पण ‘तोपर्यंत सेवा बंद’ हे वाक्य मागणीतून काढा. नंबर तपासायचं काम बँकेचं राहिलंय, त्याची किंमत खातेदारानं रोज बुडवून का भरायची? गावात शिबिर लावा, नंबर बदला आणि त्याच टेबलावर सेवा सुरू करून द्या.

शिवारफेरी
शिबिरात घाईनं खाती उघडली, तेव्हाच तर हे नंबर पडले. वाक्य काढणार नाही.

बचतगटवाली
शिबिर लावा. फक्त टेबलाशी बाईला एकटीला बसवा आणि पिन तिलाच टाकू द्या. सोबत आलेल्यांना बाहेर थांबवा.