हार्ट अटॅकनंतर हृदयाचा पडदा फाटला आहे – ऑपरेशन लगेच की थांबून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ७१) हार्ट अटॅक आला. छातीत जळजळतंय म्हणत तिने रात्र अंगावर काढली, त्यामुळे अँजिओप्लास्टीला उशीर झाला. नंतर छान बोलत होती. चौथ्या दिवशी एकाएकी धाप लागली, बीपी कोसळलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तिथल्या तिथे टूडी इको केला. डाव्या कप्प्यातून उजवीकडे घुसणारा रंगीत झोत स्क्रीनवर मलाही दिसला. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटलाय.

मांडीतल्या धमनीतून बलून पंप (हृदयाला आधार देणारा फुगा) घातलाय. बीपी सावरलंय, लघवी होतेय. सर्जन म्हणतात, पॅच लावून शिवावं लागणारच, पण आत्ता तिथला स्नायू मेलेला आणि लिबलिबीत आहे, टाके धरणार नाहीत. कडा जरा घट्ट होऊ देत. कार्डिऑलॉजिस्टना भीती की तोवर किडनी जाईल. दोघांचंही पटतं आणि सही मला करायचीय.

थांबायचं तर कशावर लक्ष ठेवू? छत्रीसारखं डिव्हाइस घालून छिद्र बुजवता येतं म्हणतात, ते चालेल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

प्रतिसाद:

ताई, मी हार्ट सर्जरीच्या आयसीयूत काम करतो. तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत.

अमेरिकेतल्या सर्जनांच्या नोंदणीवरचा २०१२चा अभ्यास आहे. अटॅकनंतर सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांपैकी सुमारे १८. मात्र यावरून थांबणंच बरं असं समजू नका. जे तेवढे दिवस तग धरतात ते मुळातच जरा स्थिर असतात; बिघडलेल्यांना थांबायला वेळच मिळत नाही.

म्हणून तारखेपेक्षा आईंकडे बघा. तासागणिक लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं), बीपी टिकवायच्या औषधाचा वाढता डोस. यातलं काही बिघडायला लागलं तर थांबण्याचा फायदा संपला. त्या क्षणी काय करणार, एक्मो (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) हाताशी आहे का आणि असं ऑपरेशन तुमच्या सर्जननी आधी केलंय का, हे आजच विचारा. नसेल केलं, तर दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचा विचार आत्ताच, त्या स्थिर आहेत तोवर.

डिव्हाइस सुरुवातीच्या दिवसांत नीट बसेलच असं नाही, कडा आणखी फाटू शकतात. ऑपरेशननंतर थोडी गळती राहिली तर मात्र ते कामी येतं. छिद्र पुढच्या बाजूला आहे की मागच्या, तेही विचारून इथे लिहा. मागचं शिवायला जास्त अवघड असतं.