जुन्या .३१५ रायफलचं मॅगझीन नीट बसत नाही, आधी काय तपासावं? (पाटण, जि. सातारा)

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. वडिलांची इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल आता रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केली होती. परत आणल्यापासून मॅगझीनचा, म्हणजे खालच्या काडतुसांच्या पेटीचा, त्रास सुरू झालाय. खालून लावताना शेवटी तळहाताने दणका द्यावा लागतो. खटका टक् वाजतो, पण बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) जरा जोरात मारला की मॅगझीन मागच्या बाजूने किंचित खाली उतरतं आणि बोल्ट काडतुसावरून तसाच पुढे निघून जातो. गावातले एक जण म्हणतात, पकडीने वरच्या कडा आत वळव. वडिलांची वस्तू आहे, हात धजत नाही. नवीन मॅगझीन घ्यावं का? कुणी जाणकार असेल तर सांगा.

माणदेशी_दादा
स्प्रिंग बसली असणार. आमच्या दहिवडीकडच्या एका पाहुण्यांच्या रायफलला हेच झालं होतं. स्प्रिंग बदलली, काम झालं.

आर्मरर_निवृत्त
कोयनाकाठ, पकडीला हात लावू नका. मी लष्कराच्या ई.एम.ई. या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, सध्या मुक्काम सातारा. चांगल्या मॅगझीनच्या लिप्स, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वळवून कायमची वाट लागलेली मी पुष्कळ पाहिली आहे. एकदा वळवलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

माणदेशी दादा, स्प्रिंग थकली की काडतूस हळू वर येतं, शेवटची एक-दोन रेंगाळतात. इथे आख्खं मॅगझीनच खाली उतरतंय, म्हणून दोष दुसरीकडे आहे.

तुमची .३१५ ही थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातली, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या ॲक्शनवर (बोल्ट-घोड्याच्या यंत्रणेवर) बांधलेली. या घराण्याचं मॅगझीन खिशातून काढून बदलत राहण्यासाठी केलेलंच नव्हतं. ते रायफलीत राहायचं, काडतुसं वरून भरायची, आणि खाली काढायचं ते सफाईपुरतं. प्रत्येक मॅगझीन आपापल्या रायफलला हाताने जुळवलेलं असायचं. म्हणून पहिला प्रश्न : हे मॅगझीन तुमचंच आहे ना? जमा केलेल्या रायफली एकाशेजारी एक ठेवलेल्या असतात, .३१५ आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. वडिलांच्या हातातलं मॅगझीन तुम्हाला ओळखू येईल. पोचा, ओरखडा, उडालेला रंग, काहीतरी खूण असतेच. बदललं असेल तर पावती घेऊन ठाण्यात जा, बाकी काही शोधायची गरज नाही.

तुमचंच असेल, तर माझा संशय लाकडावर आणि स्क्रूवर आहे. ट्रिगर गार्डचा (चापाभोवतीच्या धातूच्या कड्याचा) पुढचा मोठा स्क्रू लाकडातून वर जातो. त्या भोकात धातूची एक छोटी नळी असते, तिला आम्ही कॉलर म्हणायचो. स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड ठराविक अंतरावरच थांबावा, हे त्या कॉलरचं काम. लाकूड उघडून साफसफाई करताना ती कुठेतरी घरंगळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग स्क्रू आवळला की लाकूड दाबलं जातं, गार्ड वर सरकतो आणि मॅगझीनला घट्ट धरतो. ते पूर्ण वर चढत नाही. खटका त्याच्या दाताची नुसती कड पकडतो. टक् आवाज येतो, माणूस निश्चिंत होतो, आणि बोल्टच्या हिसक्याने कड सुटते. त्यात तुमच्याकडचा पाऊस. कोयनेच्या खोऱ्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दर खेपेला कुणीतरी स्क्रू थोडा जास्त पिळतो.

घरी एवढंच करा. रायफल रिकामी, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) बोटाने चाचपून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅगझीन बाहेरून दिव्याच्या काजळीने काळं करा, लावा, काढा. जिथली काजळी पुसली गेली तिथे घासतंय. दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला पट्टा उमटला तर गार्ड आवळतोय. फक्त मागच्या दातापाशी उमटला तर दात किंवा खटका झिजलाय. त्या स्क्रूची खाचही बघा, ताजी चमक असेल तर अलीकडे कुणीतरी फिरवलाय.

कोयनाकाठ
काका, मनापासून आभार. मॅगझीन आमचंच आहे, तळाशी वडिलांच्या वेळचा पोचा आहे. काजळी दोन्ही बाजूंची पुसली जाते. स्क्रूची खाच एका कडेने फाटलीय आणि आत पितळेसारखी चमकतेय. मी स्वतः कधी उघडला नाही. आता उघडून बघू का?

आर्मरर_निवृत्त
नको. याला दोन कारणं आहेत. या ॲक्शनमध्ये मॅगझीनच्या खटक्याला आणि घोडा अडवणाऱ्या सिअरला एकच स्प्रिंग दाब देते. ती जागची हलली तर मॅगझीन राहिलं बाजूला, रायफल अवेळी सुटण्याची भीती. दुसरं, शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, परवानाधारक दुरुस्तीवाला कोण ते कळेल. मूळ परवाना सोबत न्या आणि रायफलच्या नंबरासह पोच घेतल्याशिवाय ती ठेवू नका.

कृष्णाकाठचा_वकील
मॅगझीन बदलायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. भंगारातून, ओळखीतून किंवा ऑनलाइन सुटं मॅगझीन उचलू नका. परवानाधारक विक्रेता आणि पक्कं बिल, दुसरा मार्ग नाही.

कोयनाकाठ
दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आलो. माझ्यासमोरच उघडलं. कॉलर नाहीच! भोकाभोवतीचं लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ पडलंय, स्क्रूच्या डोक्याचा गोल ठसा आत रुतलाय. मॅगझीनला आणि लिप्सना काही झालेलं नाही म्हणाले. लाकूड सुकवून, मऊ भाग काढून तुकडा जोडणार आणि मापाची कॉलर बसवणार. परत घेताना काय बघून घेऊ?

आर्मरर_निवृत्त
उत्तम. स्क्रू पूर्ण आवळलेला असताना मॅगझीन अंगठ्याच्या दाबाने चढलं पाहिजे, दणका लागता कामा नये. मग त्यांच्याकडच्या डमी (बिनदारूच्या) काडतुसांनी पाचही भरून, बोल्ट हळू आणि मग जोरात, दोन्ही तऱ्हांनी चालवून दाखवायला सांगा. भरताना प्रत्येक काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची बाहेर आलेली कड, खालच्याच्या रिमपुढे हवी. ती मागे राहिली की दोन रिमा एकमेकींत अडकतात, बोल्ट मध्येच थांबतो, आणि माणूस पुन्हा मॅगझीनलाच दोष देतो. घरी नेल्यावर तेलाचा हात लाकडाला कमी लावा, आणि तो स्क्रू आता कुणालाही फिरवू देऊ नका.