एमव्ही मारून चार फोटोंचा एकच झाला, बाकीचे गेले कुठं?

पांढरारस्सा: मामाचा राजारामपुरीत फोटो स्टुडिओ हाय, तिथला जुना पीसी लै हँग व्हायचा म्हणून त्यावर लिनक्स टाकून दिलं अन् आता टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) शिकायलोय. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो वेगळे काढायचे होते, म्हणून एमव्ही (फाईल हलवायची कमांड) घेऊन एमव्ही १०१.जेपीजी जोतिबा, मग एमव्ही १०२.जेपीजी जोतिबा असं १०४ पर्यंत एकेक मारलं, एकदाबी एरर नाही. आता फोल्डरात शिरायला सीडी जोतिबा केलं तर म्हणतंय ही डिरेक्टरीच (म्हणजे फोल्डरच) नाही. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस मध्ये तर जोतिबा दिसायलंय की! मामाला अजून सांगितलं नाही.

उभामारुती: फोल्डर आधी केलतास काय? एमकेडीआयआर?

पांढरारस्सा: नाही. वाटलं तेच करंल.

उभामारुती: मग झालं कल्याण. भावा, हलवायचं अन् नाव बदलायचं दोन्ही एमव्हीच करतंय. जोतिबा फोल्डर असता तर फोटो त्यात गेला असता, नव्हता म्हणून १०१ चंच नाव जोतिबा झालं, मग १०२ त्याच नावावर येऊन बसला अन् १०१ गेला, असं करत शेवटी फक्त १०४ उरला. एलएस -एल मारून बघ, जोतिबाच्या ओळीत सुरुवातीला फोल्डरचा डी नसून नुसती आडवी रेघ असंल, म्हणजे ती फाईल हाय. एमव्ही जोतिबा १०४.जेपीजी केलंस की तेवढा एक तरी नावासकट परत येतोय. बाकीचे ट्रॅशमध्ये हुडकू नको, तिकडं काय जात नाही, आरएमनं डिलीट केलेलंबी नाही.

गंगावेस_कट्टा: पुढच्या वेळी फोल्डरच्या नावामागं स्लॅश दे, जोतिबा/ असं. फोल्डर नसला तर सरळ एरर येतोय, नाव बदलत नाही. मी तर एमव्ही -आय च वापरतोय, आधीच्या फाईलवर दुसरी बसायला लागली की विचारतंय. अन् फाईलच्या नावात स्पेस असली तर कोट्स लाव, नाहीतर गुलाल खोबरं.जेपीजी म्हणजे त्याला दोन वेगळ्या फायली वाटत्यात. नावाची सुरुवात लिहून टॅब दाबलास की ते आपोआप होतंय म्हणा.

मिसळवाला: एवढं करण्यापेक्षा माउसनं ओढायचं की.

गंगावेस_कट्टा: ओढत बस मग यात्रेचे चारशे फोटो.

उभामारुती: ते ऱ्हाऊ दे, कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट केलंय काय आधी बघ.

पांढरारस्सा: नाही केलं! तिन्ही घावले, १०२ मधली सासनकाठीबी. एमकेडीआयआर मारूनच घेतलं ह्या वेळी, मामाला काय सांगत नाही आता.